टाकीच्या खड्ड्यातला जिना

अंगणात पाण्याची टाकी बांधायची, एवढाच आमचा बेत होता. जमिनीखाली टाकी, वर झाकण, झाकणावर कुकाच्या जिरेनियमच्या कुंड्या. आमच्या इस्तापालापा वस्तीत नळाला पाणी आलं ही बातमी असते, आणि बहुतेक वेळा खोटी असते. मग पाण्याचा टँकर येतो आणि बादल्या घेऊन गल्लीत जे युद्ध पेटतं त्यात मी दर वेळी हरतो. रांगेत कोणी माझ्या पुढे घुसलं, की मीच त्याला 'माफ करा' म्हणतो. शेवटी एक दिवस माझी बायको कुका रिकामी बादली आपटून म्हणाली, "म्हाताऱ्या, तुझ्या माफीत कपडे धुता येत नाहीत. टाकी बांधू."

टाकी कशी बांधतात याची मला कल्पना नव्हती. मी दोन पुस्तकं आणली. एकात जुने रोमन लोक पाणी कसं साठवत ते होतं. दुसरं उंटांविषयी निघालं. पण हातात घेतलेलं पुस्तक मी अर्धवट सोडत नाही. दोन्ही वाचून झाली तोवर कुकाने निकानोर मिस्त्रीला बोलावून खड्ड्याची आखणीही करून टाकली होती.

मला सगळी गल्ली 'मास्तर' म्हणते. वास्तविक मी कोणालाही काहीही शिकवलेलं नाही. मी एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत होतो. पण पहिल्यांदा कोणी मास्तर म्हणालं तेव्हा दुरुस्ती करायचा धीर झाला नाही, आणि आता निवृत्तीनंतर ती करणं म्हणजे इतक्या वर्षांच्या नमस्कारांचा अपमान.

निकानोरने आपली दोन माणसं लावून खणायला सुरुवात केली. माती टाकायला अंगणात जागा नव्हती. म्हणून ती पडक्या भिंतीवरून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर टाकायची ठरलं. तो प्लॉट इंजिनिअर बाल्मासेदा नावाच्या एका बिल्डरचा. तिथे सहा मजली इमारत आणि तिच्या पोटात मोटारी ठेवायला तळघर होणार होतं. मी त्याच्या पहारेकऱ्याला रीतसर विचारलं. तो झोपेत "टाका" म्हणाला. झोपेतला होकार कायद्याने चालतो का, या विचारात मी बराच वेळ घालवला. तेवढ्यात ढीग भिंतीपेक्षा उंच झाला.

मग एका सकाळी पहारीचा आवाज बदलला. निकानोरने हात थांबवला, हातानेच माती बाजूला केली आणि मला हाक मारली.

"मास्तर, खाली जिना आहे."

मी वाकून पाहिलं. चुन्याच्या गिलाव्याची एक पायरी, तिच्याखाली दुसरी, आणि दोन्हींवर लाल रंग. ताजा म्हणावा असा लाल. पायऱ्या भिंतीच्या दिशेने खाली उतरत होत्या. म्हणजे उरलेला जिना पलीकडे, इंजिनिअरच्या प्लॉटखाली.

"तुमच्या आजोबांनी बांधला का?" निकानोरने विचारलं.

"माझे आजोबा पुएब्ला गावचे, इथले नव्हेतच."

"मग हा फार जुन्या आजोबांचा," असं म्हणून त्याने टोपी काढली. मीही काढली. खड्ड्यापाशी आम्ही दोघं उघड्या डोक्यांनी उभे होतो, ते पाहून शेजारच्या ओब्दुलियाबाईंना वाटलं की कोणीतरी मेलं. त्या धावत आल्या, आणि त्यांच्यामागून गल्ली आली.

सल्ला ही एकच गोष्ट आमच्या गल्लीत टँकरशिवाय मिळते. पहिला सल्ला एरास्तोचा. एरास्तो माझ्या मुलीचा धर्मपिता, त्या नात्याने तो माझा कोंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही, आणि एरास्तो याचा पुरेपूर फायदा घेतो.

"काँक्रीट," तो म्हणाला. "कोंपाद्रे, आत्ताच्या आत्ता काँक्रीट. सरकारला कळलं की घर गेलं. माझ्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात एक मडकं निघालं, बिचाऱ्याचं घर गेलं."

"मग आता कुठे राहतो?"

"त्याच घरात. पण आता त्याला ते आपलं वाटत नाही."

ओब्दुलियाबाईंचं मत वेगळं होतं. "जिना खाली जातोय ना? म्हणजे खाली कोणीतरी राहत असणार. मास्तर, तुम्ही असे कसे? आधी हाक तरी मारायची!"

सगळे आपापलं बोलून झाले, तेव्हा मी कुकाकडे पाहिलं. टाकी तिची होती. बादल्या वाहून खांदा तिचा दुखत होता. ती खड्ड्यात उतरली, पायरीशेजारी बसली आणि रंगावरून बोट फिरवून म्हणाली, "याला कोणीतरी बसून रंग दिलाय, म्हाताऱ्या. ब्रशचे फराटे दिसतात. यावर जो सिमेंट ओतेल तो माझ्या घरात जेवणार नाही."

यात मीही आलो. प्रश्न सुटला.

पुरातत्त्वाची कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसमध्ये मी भाषण पाठ करत गेलो. "महोदय, एक नागरिक या नात्याने" इथपर्यंत ते उत्तम जमलं होतं. पहिल्या खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "सापडलेलं आणलंय का?"

"जिना आहे."

"आणलाय का?"

"तो... जमिनीला धरून आहे."

"मग ही खिडकी नाही. जे उचलता येत नाही ते शेजारी."

शेजारच्या खिडकीत फोटो मागितला. मी अभिमानाने पुढे केला. पुस्तकात वाचलं होतं की फोटोत मापासाठी शेजारी काहीतरी ठेवावं. म्हणून मी पायरीवर कुकाचा डाव ठेवला होता. खिडकीतल्या तरुणाने फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"डाव केवढा आहे?"

मी कुकाला फोन लावला. तिने मापाऐवजी मलाच विचारलं, की तिच्या मोलेच्या, म्हणजे सणाच्या तिखट रश्श्याच्या, डावाला हात लावायला कोणी सांगितलं होतं. हे संभाषण त्या खिडकीपासून दारापर्यंतच्या सर्व लोकांना ऐकू गेलं. तरुणाला माझी दया आली असावी. त्याने नोंद केली आणि सांगितलं की सहा मेला कोणीतरी येऊन बघेल.

"त्याआधी नाही का होणार?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. एक मेला कामगारांची सुट्टी, पाचला जुन्या लढाईतल्या विजयाची सुट्टी, आणि मधले दिवस दोन सुट्ट्यांच्या कचाट्यात सापडल्यामुळे त्यांनाही माणुसकीने सुट्टीच समजतात. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या देशात सरकार असतं; पण ते घरी असतं.

इकडे इंजिनिअर बाल्मासेदाला बातमी लागली होती. चकचकीत बूट घालून तो आमच्या अंगणात आला आणि बुटांना माती लागणार नाही अशा अंतरावर उभा राहिला.

"गुरुवर्य! ऐकलं, तुमच्याकडे दोन दगड निघाले."

"पायऱ्या."

"दगड. माझ्याकडे सही-शिक्क्याचा कागद आहे, या भागात जमिनीखाली काहीही नाही म्हणून."

"पण पायऱ्या तर दिसतायत..."

"कागदापुढे पायऱ्या? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच असं बोलायला लागलात तर अडाण्यांनी काय करायचं?" मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघा. टाकी मी बांधून देतो. फुकट. तुमच्या टाकीच्या दुप्पट. उद्या काँक्रीटचा ट्रक पाठवतो. तुम्ही फक्त आत बसून वाचत राहा."

मला 'नाही' म्हणायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं. पण तोंडातून निघालं, "विचार करतो." माझ्या दृष्टीने हा कडवा विरोध होता. त्याने माझा हात हलवून आभार मानले.

"नाही म्हणालास ना?" कुकाने विचारलं.

"'विचार करतो' म्हणालो."

"अरे देवा! लग्नाचं विचारलं तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. आणि काय झालं? बघ माझ्याकडे!"

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. मी पडद्यामागून पाहत होतो. कुका फाटकात आडवी उभी राहिली आणि तिने ड्रायव्हरला अशा काही शब्दांत परत पाठवलं, जे आमच्या ग्रंथालयातल्या कोणत्याही शब्दकोशात नव्हते. पण काँक्रीट थांबत नसतं. ड्रायव्हर घाबरला, आणि ट्रकमध्ये दगड होण्यापेक्षा बरं म्हणून त्याने सगळं इंजिनिअरच्या प्लॉटच्या फाटकात ओतलं. संध्याकाळपर्यंत तिथे छान टेकाड तयार झालं. इंजिनिअरची मोटार आत होती. ती आतच राहिली.

मग मात्र तो गुरुवर्य वगैरे म्हणायचा थांबला. भिंतीवरून ओरडला, "ऐका, मास्तर! चार तारखेला सकाळी माझं मशीन या भिंतीपासून खणायला लागेल. सहाला तुमचे साहेब येतील तेव्हा त्यांना खड्डा दाखवा आणि डाव दाखवा!"

डावाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचली होती, हे मला फार लागलं.

चार तारखेच्या आधी तीन तारीख येते, आणि तीन मे हा पवित्र क्रूसाचा, म्हणजे गवंड्यांचा सण. त्या दिवशी गावातला एकही गवंडी थापी उचलत नाही. प्रत्येक बांधकामावर लाकडी क्रूस सजवून उभा करायचा, पाद्रीकडून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, आणि मग मालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मालक कितीही चिकट असला तरी हे चुकत नाही. इंजिनिअर बाल्मासेदाने मात्र ते चुकवलं. त्याने आपल्या माणसांना पावाचं एक खोकं आणि कोमट सरबत पाठवलं आणि स्वतः गेला समुद्रकिनाऱ्यावर. मोटार अडकल्यामुळे भाड्याच्या गाडीने.

कुकाला ही बातमी कळली तेव्हा ती मोले ढवळत होती. "सणाला पाव?" ती म्हणाली. "निकानोर, भिंतीपलीकडच्यांना बोलाव. सगळ्यांना."

"बाई, ती पंधरा-वीस तोंडं आहेत."

"मग तोर्तिया जास्त लागतील. ओब्दुलियाला सांग, नुसती बघत बसू नकोस, पीठ मळायला ये."

दुपारी अंगण भरलं. खड्ड्याभोवती फळ्या टाकून टेबलं केली होती. पुल्केच्या दारूची मडकी फिरत होती. निकानोरने निळा क्रूस आणला. कागदाच्या फुलांनी आणि पताकांनी तो नवरदेवासारखा नटला होता. पाद्री घाईत होते, त्यांना अजून बरीच बांधकामं उरकायची होती.

"कुठे रोवायचा?" त्यांनी विचारलं.

निकानोर डोकं खाजवू लागला. "फादर, क्रूस कामातल्या सगळ्यात उंच जागी लावतात. आमचं काम तर खड्डा आहे."

सगळे खड्ड्याकडे पाहू लागले. खड्ड्यातली सर्वांत उंच जागा कोणती, हा प्रश्न पुल्के प्यायलेल्या माणसांना फार खोल वाटला. आणि त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला. तो माझा होता.

"खड्ड्यातली माती हीदेखील आपल्याच कामाची. तिचा ढीग भिंतीपलीकडे आहे. सगळ्यात उंच तोच."

ढीग बरोबर तिथे होता, जिथे खाली उरलेला जिना होता. निकानोरने माझ्याकडे पाहिलं, मग कुकाकडे. कुका माझ्याकडे अशी पाहत होती की मला वाटलं, माझ्या शर्टाला काहीतरी लागलंय.

"मास्तर बरोबर बोलतायत," निकानोर हळूच म्हणाला. "रीत म्हणजे रीत."

क्रूस ढिगावर चढला. पाद्रींनी पाणी शिंपडलं. क्रूसाला धर्मपिता लागतो. त्या मानासाठी दोन्हीकडच्या गवंड्यांनी एकमताने इंजिनिअरच्या मशीनवाल्याला, तिबुर्सियोला, उभं केलं. कारण त्याने मोले चार वेळा घेतलं होतं आणि प्रत्येक वेळी डोळे पुसले होते. मालक या नात्याने मी त्याला मिठी मारली. म्हणजे आता तोही माझा कोंपाद्रे.

चार तारखेला सकाळी इंजिनिअर आला. उन्हाने नाक सोललेलं, आवाज चढलेला.

"तिबुर्सियो, हा ढीग उचल."

"त्यावर क्रूस आहे, साहेब."

"मग क्रूस काढ!"

"काम पुरं होईपर्यंत काढत नाहीत. आणि मी त्याचा धर्मपिता आहे. पोरावर मशीन घालायला सांगताय?"

इंजिनिअरने दुसऱ्या माणसाला सांगितलं. त्याने पोटावर हात ठेवून सांगितलं की मास्तरांकडचं मोले अजून अंगात आहे, बेइमानी होणार नाही. तिसऱ्याने नुसती मान हलवली. तेव्हा इंजिनिअर स्वतःच मशीनवर चढला.

मी त्या वेळी ढिगावर होतो. वाऱ्याने क्रूसाच्या पताका गुंतल्या होत्या, त्या सोडवायला गेलो होतो. मशीन घरघरलं, लोखंडी हात वर गेला. मी मशीनपुढे छाती काढून उभा राहिलो, असं गल्लीत सांगतात. मला खोटं मिरवता येत नाही. माझा बूट मातीत रुतला होता. मी तो ओढत होतो, आणि पळायची माझी संपूर्ण तयारी होती.

मग बूट सुटला. आणि मी गेलो नाही. एवढं मात्र माझं.

"बाजूला व्हा, मास्तर!" तो ओरडला.

"मी विचार केला," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो, "इंजिनिअरसाहेब, मी विचार केला. नाही!"

तो 'नाही' इतका मोठा निघाला की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. इंजिनिअर दचकला आणि त्याने भलताच दांडा ओढला. लोखंडी हात माझ्याकडे न येता गर्रकन मागे वळला, त्याच्याच पत्र्याच्या कचेरीला लागला आणि तिचं छप्पर टोपीसारखं अलगद उचलून हवेत धरून राहिला. ते खाली कसं ठेवायचं हे इंजिनिअरला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो तिबुर्सियो टाळ्या वाजवत होता.

कुकाने घरातून खुर्ची आणून ढिगावर ठेवली. "बस, म्हाताऱ्या." मी बसलो. मग ओब्दुलियाबाई खुर्ची घेऊन आल्या, कारण आपल्यापेक्षा चांगलं दुसऱ्या कोणाला दिसावं हे त्यांना सहन होत नाही. मग निकानोर. शेवटी एरास्तोही आला. "काँक्रीटच बरं होतं," असं म्हणत तो माझ्या उजव्या हाताला बसला आणि कोणी आलंच तर म्हणून मांडीवर एक वीट घेतली. सहा तारखेपर्यंत ती जागा रिकामी राहिली नाही. पाचला सुट्टी असल्यामुळे इंजिनिअर आलाच नाही. लढाईतही आम्ही सुट्टी पाळतो.

सहाला एक सावळी, ठेंगणी बाई पाठीवर पिशवी घेऊन आली. नाव युनुएन. "डावाचा जिना इथेच का?" तिने विचारलं. कचेरीत आमच्या जिन्याचं हेच नाव पडलं होतं. मी मान खाली घालून हो म्हणालो. ती खड्ड्याच्या कडेने उतरली, पायरीशेजारी तिने गुडघे टेकले आणि रंगातले फराटे एकेक करून पाहिले. वर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"मशीन बंद," ती इंजिनिअरला म्हणाली.

त्याने सही-शिक्क्याचा कागद काढला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. "छान. हा ज्याने दिला त्याला मला भेटायचंय. आज."

इंजिनिअरला अचानक आठवलं की त्याला कुठेतरी जायचं होतं.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटेल; पण सरकारने मदत करायची ठरवली की आधी दार बंद करतं. दोन्ही जागांना सील लागलं आणि त्यात आमचं फाटकही आलं. कित्येक आठवडे आम्ही ओब्दुलियाबाईंच्या स्वयंपाकघरातून घरी जात-येत होतो, आणि प्रत्येक खेपेला त्या आम्हाला काही ना काही चाखायला लावून मत विचारत. रोज "उत्तम" म्हणून माझी जीभ वळेनाशी झाली. एरास्तो येता-जाता विचारायचा, "घर गेलं ना?" मी म्हणायचो, "घर आहे, दार गेलंय."

पण घर गेलं नाही. सील निघालं, आणि टाकीसाठी मागच्या अंगणात जागा तपासून दिली गेली. तिथे एक फुटकी बाटली निघाली. बाटली कालचीच आहे असं युनुएनने सांगितलं, तेव्हा मी क्रूसाची खूण केली. आता कुका टँकरच्या दिवशी नळी टाकीत सोडते आणि खुर्चीत बसून युद्ध बघते. इमारतीचे नकाशे बदलले. ती मागे सरकली, तळघर रद्द झालं, आणि बांधकाम दुसऱ्या कोणाकडे गेलं. पडकी भिंत पाडली. ढीग हलवायच्या आधी तिबुर्सियोने स्वतःच्या हातांनी क्रूस उचलला आणि नव्या इमारतीच्या पहिल्या खांबावर बांधला.

जिना पूर्ण मोकळा झाला त्या दिवशी सगळी गल्ली जमली होती. पायऱ्या लाल, खाली एक छोटा चौक, त्याच्या काठाला चुन्यात कोरलेल्या लाटा. युनुएन म्हणाली, "आम्ही सगळं फळ्यांवरून, लोंबकळून साफ केलंय. पायऱ्यांवर अजून कोणी पाय ठेवलेला नाही. पहिले तुम्ही, मास्तर."

मी म्हणालो की माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत. कुकाने मागून ढकललं.

"फक्त बूट काढा," युनुएन म्हणाली. "गिलावा नाजूक आहे."

मी खाली वाकलो. बूट काढला. आणि सबंध गल्लीसमोर, दोन वार्ताहरांसमोर, माझ्या उजव्या मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला. कुकाने डोळे मिटून घेतले. "अगं बाई, अंगठा!" ओब्दुलियाबाई ओरडल्या, म्हणजे ज्यांना दिसला नव्हता त्यांनाही दिसला. एरवी मी तिथेच 'माफ करा' म्हणून घरात शिरलो असतो आणि आठवडाभर बाहेर पडलो नसतो.

मी पाय पुढे टाकला. शेकडो वर्षांनी त्या पायरीला माणसाचा पाय लागला. तसा तो मोज्यातच होता, पण अंगठा उघडा होता, आणि तो थेट त्या लाल रंगावर टेकला. पायरी गार होती. वर टाळ्या वाजत होत्या. मी दुसऱ्या पायरीवरही आधी अंगठाच टेकवला, मुद्दाम, आणि खाली उतरत गेलो.